कासवाची झोप बघणारी बाई

दमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. चिखलीत एवढी वर्षं काढल्यावर दुसरं काय बघायला मिळणार? फर्स्ट शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमधून माणूस उतरतो तेव्हा त्याचे खांदे दमलेले असतात, सेकंडवाल्याचे डोळे दमलेले असतात, आणि थर्डवाला सकाळी उतरतो तेव्हा त्याचं काय दमलेलं नाही ते शोधावं लागतं. आमचे हे चाकणहून थर्ड करून आले की चहाचा कप हातात धरून झोपायचे. मी हळूच कप काढून घेतला की डोळे मिटूनच म्हणायचे, "साखर कमी हाय." चहा अजून तोंडाला लागलेला नसायचा.

पण समुद्राच्या तळाशी जाऊन दुसऱ्याची झोप बघत बसायचं आणि त्यानं दमून घरी यायचं, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सरोज सामंत. आमच्या समोरच्या दाराची. पिंपरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्ट्या मिळाल्या की मालवणला जाऊन पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली कासवं बघायची. त्या जगात तिचं थोडं नावही होतं. ते नाव दोन कासवांवर उभं होतं. एकाच बिछान्यावर पाळीपाळीनं झोपणारी दोन कासवं. ती दोन आहेत हे सरोजनं शोधलं होतं. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच, पण आधी सरोज.

ती समोर राहायला आली तेव्हा मी नुकती पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे आजच्या मानानं पोरच. अक्कल मात्र पन्नास माणसांची आहे असा माझा समज. घरात शिवणयंत्र, हाताखाली चार बायका शिकायला, आणि गॅलरीतून अख्ख्या सोसायटीवर नजर. कुणाकडे कोण आलं, कोण किती वाजता गेलं, कुणाच्या पिशवीतून कसला वास आला, हे मला माहीत नसेल तर ते घडलंच नाही असं मी धरून चालायची.

सामंतांचं बिऱ्हाड येऊन आठवडा झाला असेल. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, सकाळी गॅलरीत मिसरी लावत बसल्या होत्या. एकदम ओरडल्या, "आगं ए! बाहीर ये! त्या नव्या बाईनं माणूस वाळत घातलाय!"

मी धावले. समोरच्या तारेवर खरंच एक काळा माणूस उलटा लटकत होता. दोन हात, दोन पाय, पोट, पाठ, सगळं जागच्या जागी.

"टकुरं न्हाई त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "धुताना गळालं का काय!"

तेवढ्यात सरोज बाहेर आली. बुटकी, सावळी, केस मिठानं राठ झालेले. तिनं त्या माणसाच्या पायातून पाणी पिळून काढलं, आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "पोहायचा रबरी सूट आहे. आत येऊन बघता का, आजी?"

"नगं," आत्याबाई म्हणाल्या. "आमी हितनं बघतो. तू त्याचा पाय सोड आदी."

त्या सुटापायी पुढे सोसायटीत दोन भांडणं झाली. खारं पाणी धुवायला ती खाली मोठ्या टबात सगळं सामान बुडवायची, आणि आमच्याकडे पाण्याचा टँकर दिवसाआड. चेअरमन तणतणत आले. "मॅडम, इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही रबर काय धुताय?" सरोजनं भांडण केलं नाही. ती म्हणाली, "हळू, साहेब. घाबरलं की हवा लवकर संपते." चेअरमन बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती कपडे धुतलेलं पाणी साठवून त्यात सामान बुडवायला लागली, आणि समुद्रात तिच्या अंगाला साबणाचा वास यायला लागला. कासवांना तो आवडला की नाही ते कळलं नाही.

हे वाक्य तिच्या तोंडी कायम. हळू, घाबरलं की हवा लवकर संपते. पाण्याखाली माणूस धास्तावला की धापा टाकतो आणि तासभर पुरणारं सिलिंडर अर्ध्या तासात रिकामं करतो, म्हणून पहिला धडा हाच. पण तिनं तो पाण्याबाहेर आणला होता. चाकण चौकात ट्रकांच्या गर्दीत आमचे हे हॉर्नवर हात ठेवून शिव्या द्यायला लागले की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "हळू, भाऊजी." जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची, एक लांब श्वास घ्यायची, मग पुढची पायरी. मला वाटायचं, हिला दमा आहे. मी तिला आल्याचा रस नेऊन दिला. तो तिनं बिनतक्रार प्यायला, आणि मग सांगितलं की दमा नाही, सवय आहे. आधी का नाही सांगितलंत म्हटलं तर म्हणे, "तुम्ही एवढं करून आणला होतात."

आणि एक. ती कधी अंगठा दाखवायची नाही. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायची. पाण्याखाली अंगठा म्हणजे "चल, वर जाऊ." पुढे मोबाईल आले आणि मी प्रत्येक निरोपाला अंगठा पाठवायला लागले, तर एकदा दारात येऊन विचारते, "वहिनी, सकाळपासून चार वेळा वर बोलावलंत. गच्चीवर काय आहे?"

तर मी काय सांगत होते, माझी अक्कल. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी सरोज एक भली मोठी पिशवी घेऊन खाली उतरायची. खाली जीप उभी. जीपमध्ये एक दाढीवाला तरुण. जीप निघून जायची आणि नवरा तेव्हा कंपनीत! मी दोन आणि दोन सात केले. सामंत भाऊजी सकाळी शिफ्टहून आले तेव्हा त्यांना जिन्यात गाठलं.

"काय भाऊजी, वहिनी दिसत नाहीत?"

"मालवणला गेलीय."

"माहेरी का?"

"न्हय हो. झोप बघायला."

"कुणाची?"

"कासवाची," ते म्हणाले, आणि दाराला किल्ली लावता लावता एक जांभई दिली.

मी घरात येऊन जाहीर केलं की बिचारा बायकोची अब्रू झाकतोय. हे माझ्या तोंडून शिवणाच्या बायकांकडे गेलं, तिथून खालच्या गल्लीत गेलं, आणि फिरून सरोजच्या कानावर आलं. ती माझ्याकडे आली ती चिडून नाही. फोटोंचा अल्बम घेऊन आली. तासभर मला कासवं दाखवली. कासवाची पाठ, कासवाचं पोट, कासवाची शेपटी. दाढीवाला कासवांवर काम करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचा ड्रायव्हर निघाला. मी एवढी ओशाळले की तिला परत आल्याचा रस करून दिला.

त्या दिवशी तिनं मला तिचं काम समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. मादी कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात तेवढीच लोकांना दिसतात. बाकी सगळं आयुष्य पाण्यात. ती खातात कुठे, झोपतात कुठे, अंग कशावर घासतात, किती वेळानं श्वासाला वर येतात, हे बघितल्याशिवाय कुठली जागा जपायची ते कळणार कसं? म्हणून हिनं खाली जायचं, एका खडकाजवळ वाळूवर गुडघे टेकून बसायचं आणि बघायचं. हात लावायचा नाही. पाठलाग करायचा नाही. त्याच्या डोक्यावर जायचं नाही, कारण त्याला श्वासाला वर यायचं असतं आणि वाट अडवली की ते बिथरतं. रोज त्याच जागी बसायचं, म्हणजे कासवाला सवय होते. गळ्यात एक प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल. पेन्सिल पाण्याखालीही उमटते. दिसेल ते लिहायचं.

"काय लिहिता?" मी विचारलं.

"आलं. आत गेलं. झोपलं."

"मग?"

"मग माझी हवा संपते."

त्या खडकाला खाली एक कपार होती. आमच्या दिवाणाखाली असते तेवढी जागा. तिथे हिरव्या जातीचं एक कासव झोपायला यायचं. माणसाला जसे हाताचे ठसे तशी कासवाला गालावरची खवलं. प्रत्येकाची नक्षी वेगळी. सरोज फोटो काढायची आणि घरी येऊन तासन्‌तास खवलं जुळवत बसायची. तर असं दिसलं की सकाळच्या बुडीत कपारीत जाणाऱ्या कासवाची नक्षी वेगळी आणि दुपारच्या बुडीत कपारीतून बाहेर येणाऱ्याची वेगळी. म्हणजे कासवं दोन. मधल्या वेळात, ही माणसं वर होडीत भाकरी खात असताना, आतली निघून जाते आणि दुसरी येऊन झोपते. दोघी एका वेळी कधी दिसल्या नाहीत. एकटी राहणारी जात ही, आणि एकच बिछाना वाटून घेते, याचं कासवांच्या अभ्यासकांना नवल वाटलं. सरोजनं ते लिहिलं, ते छापून आलं.

सामंत भाऊजींना यात नवल काहीच वाटलं नाही. "अहो, शिफ्ट हाय ती," ते मला म्हणाले. "ही फर्स्टवाली, ती सेकंडवाली." कासवांची नावं तीच पडली. पाटीवरही सरोज तीच लिहायची. मी दोघींना बाई करून टाकलं होतं. सरोज म्हणायची, "या वयात नर की मादी ते सांगता येत नाही हो, वहिनी." मी म्हणायची, "एवढी झोप काढायला मिळतेय तर बाई नसणार हे खरं, पण असू दे."

भाऊजींना नवल का नव्हतं ते त्यांच्या घरात डोकावलं की कळायचं. सरोजचं कॉलेज सकाळी सातचं. भाऊजींची शिफ्ट बदलती, आणि नसली तरी ओव्हरटाइम. ती निघायची तेव्हा ते यायचे. जिन्यात ती त्यांच्या हातात किल्ली द्यायची आणि ते तिच्या हातात रिकामा डबा. एवढाच संसार. मूलबाळ नव्हतं. घरात एकच दिवाण. "आमची गादी कधी गार पडत नाय," भाऊजी मोठ्या अभिमानानं सांगायचे, जसं काही ते मशीन आहे आणि बंद पडलं तर प्रॉडक्शन थांबेल.

दुपारी तिचं दार उघडंच असायचं. मी वाटीभर काही घेऊन गेले की ती झोपलेली दिसायची. भिंतीला चिकटून, एका कडेला, हात छातीशी आवळून. अर्धी गादी मोकळी. नवरा कंपनीत, गादी हिच्या एकटीची, तरी ही अर्धी राखून झोपलेली. मी एकदा चिडवलं, "ही जागा कुणाला ठेवलीय हो? सेकंडवालीला?" ती म्हणाली, "पडलीय सवय." आणि अर्धवट झोपेतच कुशीवर वळली, पुन्हा भिंतीकडेच.

एकदा तिचा रबरी सूट पाठीवर उसवला. नवा घ्यायचा तर संस्थेकडे मागावा लागणार, आणि शुक्रवार परवावर आलेला. मी म्हटलं, "हात्तिच्या! आणा इकडे. माझ्या मशीनवर मी म्हशीचं कातडं शिवीन." ती म्हणाली, ते आधी चिकटवावं लागतं, शिवण आरपार जाता कामा नये. मी कशाला ऐकते? मी चारपदरी सुती दोरा घातला, मधूनमधून शोभेची टीपही मारली. आत्याबाई बाजूला बसून म्हणाल्या, "काज पन कर की. हवा लागंल." सोमवारी सरोज परत आली. सूट पाठीवर वीतभर उघडा. मी विचारलं, कसं झालं? तिनं बोटांचा गोल केला. मग म्हणाली, "पाठीत थंडगार पाणी शिरलं तेव्हा तुमची फार आठवण झाली, वहिनी." पुढच्या महिन्यात तिनं तो शाळेतल्या पोरासारखा डिंकानं चिकटवून आणला.

मीही एकदा मालवणला गेले. तिनंच नेलं. होडीवाला बाबल, तिच्या माहेरच्या वाडीतला. डोक्याला गमछा, बोलणं कमी, आणि ते कमी बोलणंही मालवणीत. मी घरून ठरवून आले होते की समुद्र म्हणजे मोठी विहीर. विहिरीला लाटा नसतात हे होडी सुटल्यावर ध्यानात आलं. सरोज पाण्यात गेली आणि मी होडीच्या काठावर लोंबकळत सकाळचे पोहे समुद्राला वाहिले. बाबल म्हणाला, "मासे खूश झाले."

सरोज खाली आहे एवढं बुडबुड्यांवरून कळायचं. वर येऊन फुटायचे, एका ठिकाणी, एका लयीत. मी उलट्यांच्या मधल्या वेळात तेच बघत होते. इतका हळू श्वास मी कुणाचा पाहिला नव्हता. पुष्कळ वेळानं ती वर आली, होडीला धरून राहिली, तिच्यात वर चढायचीही ताकद उरली नव्हती. बाबलनं तिला काखेत हात घालून ओढून घेतलं. तिनं पाटी माझ्यापुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं, फर्स्टवाली, आली, आत गेली, झोपली.

"बस?" मी म्हटलं. "एवढ्यासाठी?"

"बस," ती म्हणाली, आणि होडीच्या तळाशी तिथल्या तिथे आडवी झाली.

बाबलनं मला तो खडक कसा राखला ते तेव्हा सांगितलं. आधी पर्यटकांच्या होड्या तिथेच नांगर टाकायच्या आणि नांगर कपारीत अडकायचे. सरोजनं होडीवाल्यांना बसवून सांगितलं की इथे दोन जीव झोपतात, पाळीपाळीनं, दिवसभर कुणी ना कुणी आत असतंच. सगळ्यांना ते पटलं. कुणी सरकारी माणूस आला नाही, कागद नाही, शिक्का नाही. त्यांनी आपणहून रिकामे प्लास्टिकचे कॅन दोरीनं बांधून जागा आखली आणि नांगर पलीकडे टाकायला लागले. का, तर दोन आहेत म्हणून.

पुढे भाऊजी निवृत्त झाले. दोघांनी त्या दिवसाची फार वाट पाहिली होती. आता रात्री दोघं घरात. पण इतक्या वर्षांच्या शिफ्टनं भाऊजींची झोप अशी मोडली होती की अंधार पडला की ते टक्क जागे. रात्रभर गॅलरीत बसायचे आणि सकाळी सरोज कॉलेजला निघाली की तिच्या जागेवर आडवे व्हायचे. "कंपनी सुटली, पन शिफ्ट काय सुटत नाय," मला म्हणाले. वर्ष सरायच्या आत एका सकाळी ते असे झोपले ते उठलेच नाहीत. सरोज दुपारी आली तेव्हा गादी गार होती.

त्या दिवसांत मी तिच्या सोबतीला झोपायला जायची. ती भिंतीकडे, कडेला. मी खाली सतरंजीवर. त्या अर्ध्या गादीवर झोपायची मला हिंमत झाली नाही आणि तिनंही म्हटलं नाही.

कासवं मात्र तिनं सोडली नाहीत. उलट जास्त जायला लागली. संस्थेत आता मृणाल नावाची मुलगी आली होती, हुशार, बोलायला फटाकडी. ती सरोजच्या जोडीनं बुडी मारायची, कारण पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं. सरोजचा डावा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याखालचा दाब सोसत नाही, थांबा, नाहीतर उजवाही जाईल. तेव्हा तिची निवृत्तीही महिन्याभरावर आलेली. म्हणाली, एकदा जाऊन येते, शेवटचं.

त्या खेपेला ती रविवारी संध्याकाळी परतली आणि टब काढलाच नाही. पिशवी जिन्यात तशीच, खालून पाणी गळतंय. हे कधी झालं नव्हतं. मी आत गेले. सरोज जमिनीवर बसलेली.

"वहिनी," ती म्हणाली, "एकच आहे हो."

मला कळेना. तेव्हा तिनं भाऊजींची चप्पल उचलली. ती अजून दाराशीच होती. दिवाणाच्या एका बाजूला मला बसवलं. "इथून हलायचं नाही." मग चप्पल जमिनीवरून सरकवत दिवाणाखाली नेली. "आत जाताना तुम्हाला कुठली बाजू दिसली?"

"डावी."

तिनं चप्पल आत फिरवली आणि बाहेर आणली. "आता?"

"उजवी." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगो बाई!"

कासवाचे दोन्ही गाल सारखे नसतात. डाव्या गालाची नक्षी वेगळी, उजव्याची वेगळी. हे ती स्वतः पोरांना शिकवायची. दोन्ही गालांचे फोटो मिळाल्याशिवाय कासव मोजायचं नाही, हा नियम. पण तिकडचं पाणी गढूळ, कासव गालापुरतं दिसायचं. दुसरा गाल मिळाला की जोडू, म्हणून तो राहिलाच. आणि जागा बदलायची नाही ही तिची शिस्त. एकाच जागी बसून इतकी वर्षं तिनं आत जाणारीचा डावा गाल पाहिला आणि बाहेर येणारीचा उजवा.

"मग आज कसं कळलं?"

"दमले होते," सरोज म्हणाली. "प्रवाह ओढत होता. माझ्या जागेपर्यंत पोचताच आलं नाही. कपारीच्या तोंडासमोरच बसले. ती बाहेर आली ती सरळ माझ्याकडे बघत. दोन्ही गाल. इकडे फर्स्टवाली, तिकडे सेकंडवाली." मग चप्पल परत दाराशी ठेवत म्हणाली, "सेकंडवाली कधी नव्हतीच."

मी काय सल्ला दिला असेल? गप्प बसा म्हणून. कुणाला कळणार आहे? मृणालचा फोन आला, तिचाही सूर तोच. फोन स्पीकरवर होता, उजव्या कानाशी. "मॅडम, आत्ता नको ना. लोकांनी जागा सोडलीय ती दोन आहेत म्हणून. एक म्हटलं की परत नांगर पडतील. पुढे कधी तरी हळूच दुरुस्त करू."

"हळूच म्हणजे कधी, मृणाल?"

सरोजनं फोन तोंडाजवळ ओढला.

"आणि तू पुढे कुणाची झोप मोजशील? त्या नसलेलीची?"

फोन ठेवून ती म्हणाली, "जागा गेली तर माझ्या खोट्यापायी जाणार, आणि राहिली तर माझ्या खोट्यावर राहणार." आणि दिवाणाकडे बघत राहिली.

कॉलेजातल्या निरोपाला मी पिंपरीला गेले. आत्याबाई आता नव्हत्या, नाहीतर त्याही आल्या असत्या. पोरांनी हौसेनं मोठा फ्लेक्स केला होता. सरोजचा फोटो, आणि खाली दोन कासवं नाकाला नाक लावून. लिहिलं होतं, "दोन कासवं, एक बिछाना." मृणाल पहिल्या रांगेत बसलेली, नजर खाली. शाल, नारळ, भाषणं झाली आणि सरोज उठली.

"मुलांनो, चित्र छान आहे," ती म्हणाली. "पण यातलं एक कासव पुसा."

पोरं हसली. त्यांना वाटलं बाई विनोद करतायत. मग तिनं जे मला चप्पल घेऊन दाखवलं होतं ते त्यांना वहीचा पुठ्ठा घेऊन टेबलाखाली दाखवलं. आत नेला, बाहेर आणला. सभागृहात हळूहळू हसणं थांबलं.

"मी शिकवलेला नियम मीच मोडला. संस्थेला लिहून कळवलंय. जिथे छापलं तिथेही कळवलंय."

मागून कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला शंका कशी नाही आली?"

सरोजनं जिन्याच्या वळणावरचा तो लांब श्वास घेतला. "मी चिखलीत राहते रे," ती म्हणाली. "आमच्याकडे दारातून एक बाहेर पडला की दुसरा आत येतो. मला वाटलं, सगळीकडे तसंच असतं."

मागच्या रांगेत भाऊजींच्या कंपनीतले चौघे आले होते, थर्ड शिफ्ट करून, तसेच युनिफॉर्मवर. ते हसले नाहीत. त्यातला एक डोळे चोळायला लागला, झोपेनं की कशानं, मी विचारलं नाही.

मृणाल आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मालवणहून फोन आला. बाबलचा होता. सरोजनं त्याला आधीच सगळं सांगितलं होतं आणि म्हटलं होतं, बाकीच्यांना विचार, आता जागा सोडतात का. मी तिथेच होते, लसूण सोलत. फोनवर बाबल एवढा जोरात बोलतो की स्पीकर लागत नाही.

"इचारलंय सगळ्यांका," तो म्हणाला. "कॅन आसत थयच रवतले, कोण हलवूचो नाय."

"एकच आहे, बाबल," सरोज म्हणाली.

"एक तर एक. एकट्याक झोप नको काय?"

सरोजनं फोन खाली ठेवला. माझ्या हातातला लसूण घेतला आणि सोलायला लागली, आणि अर्ध्या पाकळ्या सालातच टाकल्या.

त्यानंतर ती मालवणला कायमचं राहायला जायचं ठरवून सामान बांधायला लागली. पाण्यात आता जायचं नव्हतं. मृणाल खाली जाणार, ही बाबलच्या होडीत बसून बुडबुड्यांवर नजर ठेवणार. मृणालला तिनं एकच नियम नव्यानं सांगितला होता, दर बुडीला जागा बदलायची. आता ती तिकडेच असते. मी फोन करते, पण ती नेमका डाव्या कानाला लावते आणि "कोण? कोण?" करत बसते. मग मी एक अंगठा पाठवते. उलट उत्तर येतं, बोटांचा गोल.

पण मला ती दिसते ती निघायच्या आदल्या दिवसाची. दुपार होती. सेकंड शिफ्टच्या बसा माणसं उचलून गेल्या होत्या आणि फर्स्टच्या अजून यायच्या होत्या, त्या मधल्या वेळात आमची गल्ली जरा गप्प असते. मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. दार उघडंच. खोके बांधून झाले होते, भिंती रिकाम्या, दाराशी चप्पल नव्हती. फक्त दिवाण तेवढा राहिला होता.

सरोज झोपली होती. भिंतीकडे नाही, कडेला नाही. गादीच्या बरोब्बर मधोमध, उताणी, दोन्ही हात दोन बाजूंना टाकून, तोंड किंचित उघडं. श्वास इतका हळू चाललेला की मी थोडा वेळ उभी राहून त्याचीच वाट बघत होते. आला. गेला. पुन्हा आला.

वाटी मी खोक्यावर ठेवली, झाकण घातलं, आणि जरासुद्धा आवाज न करता दार ओढून घेतलं.